घराण्याचा कागद कुठे सापडतो?

आपल्या बुद्धविहाराच्या वर्धापन दिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेत विहार कसा उभा राहिला, कोणी वर्गणी दिली, कोणी श्रमदान केले, हे जाणते बंधू लिहितीलच. आम्ही थोडा वेगळा विषय घेतला आहे. विहाराला जसा इतिहास आहे तसा विहारात येणाऱ्या प्रत्येक घरालाही इतिहास आहे. तो कुठे लिहिलेला आहे आणि हाती कसा लागतो, एवढेच आम्ही आमच्या अनुभवावरून मांडणार आहोत.

रविवारी वंदना आटोपली की दोनचार माणसे पिशवीत कागद घालून आमच्याकडे येतात. कोणाच्या नातीची जात पडताळणी अडलेली असते. कोणाची गावाकडची हाडकी-हाडोळ्याची जमीन दुसऱ्याच्याच नावावर चढलेली असते. कोणाच्या वडिलांची गिरणीतली नोकरी सिद्ध करायची असते. आणि एखादा तरुण असाही येतो, की त्याला काहीच मिळवायचे नसते. माझा पणजोबा कोण, एवढेच त्याला विचारायचे असते. आम्हाला हा शेवटचा प्रश्न पहिल्या तिघांइतकाच मोलाचा वाटतो.

पुष्कळांची तक्रार एकच, की कचेरीत खेटे घातले, पण हाताला काही लागले नाही. याचे कारण समजून घेतले पाहिजे.

नोंद माणसाची नव्हे, कामाची

इतर समाजांत वंशावळ सांगणारी माणसे पूर्वापार होती. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्या यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेल्या आहेत. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी दारात येऊन घराण्याची नावे म्हणून दाखवीत. आपल्यासाठी ही सोय कोठली? ज्या नाशकात या वह्या भरत होत्या, त्याच नाशकात २ मार्च १९३० पासून आपल्या माणसांना काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह करावा लागला. ज्याला दारातच उभे केले नाही त्याची वही कोण ठेवणार?

मग आपली नोंद झालीच नाही काय? झाली, भरपूर झाली. पण ती आपल्यासाठी झाली नाही. ती सरकारने आणि मालकाने आपापल्या कामासाठी केली. वतनाची जमीन होती म्हणून महसूल खात्याने लिहिले. पेन्शन द्यायची म्हणून पलटणीने लिहिले. हजेरीवर पगार काढायचा म्हणून गिरणीने लिहिले. शाळेत नाव दाखल झाले म्हणून हेडमास्तरांनी लिहिले. प्रत्येकाचे कपाट निराळे, भाषा निराळी.

म्हणून 'माझ्या आजोबांची माहिती द्या' असा अर्ज केला की कारकून हात वर करतो. त्याचे अगदीच खोटे नसते. त्याच्याकडे आजोबांचे कपाट नसतेच, कामाचे कपाट असते. आजोबांचा सरकारशी वा मालकाशी कोणत्या कामाने संबंध आला, हे आधी ठरवावे आणि त्या कामाच्या दप्तरात त्यांना शोधावे. आमच्या सगळ्या खटपटीचे सार एवढेच आहे. बाकीचा तपशील त्याच्याच पोटात येतो.

आधी घर, मग कचेरी

कचेरी सोमवारीही उघडी असते, पण घरातली म्हातारी सोमवारी असेलच असे नाही. म्हणून पहिली चौकशी घरात करावी. म्हाताऱ्या माणसाला 'सन कोणते?' म्हणून विचारू नये. तो गोंधळतो आणि तोंडाला येईल ते सांगतो. बाबासाहेब गेले तेव्हा तू केवढी होतीस? दीक्षा घेतली तेव्हा लग्न झाले होते का? कोयनेचा भूकंप झाला तेव्हा थोरला शाळेत जात होता का? बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला कोण कोण गेले? असे विचारले की १९५६, १९६७, १९७२ ही साले आपोआप जागेवर बसतात. मराठवाड्यातल्या माणसाला रझाकाराची आठवण काढून द्यावी, म्हणजे १९४८ साल सापडते.

दुसरे म्हणजे नावे. आपल्या एका माणसाची तीन नावे असू शकतात. गावच्या दप्तरात एक, शाळेत दुसरे, गिरणीत तिसरे. जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसतेच. तिथे 'रामनाक बिन सोननाक महार, मौजे अमुक' अशी नोंद असते. 'बिन' म्हणजे 'चा मुलगा'. विदर्भ-मराठवाड्यात त्याच जागी 'वल्द' लिहितात. बाईच्या नावापुढे 'भ्र.' किंवा 'कोम' लिहून नवऱ्याचे नाव असते. नावामागचे हे 'नाक' काहींना आज ऐकायला बरे वाटत नाही. पण कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरली आहेत, त्यांत आपली माणसे या 'नाक'वरूनच ओळखू येतात. म्हणून त्याची लाज धरू नये, ती शोधाची खूण समजावी.

आमच्या ओळखीचे एक कुटुंब दोन वर्षे तालुक्याला आडनाव सांगून नोंद शोधत होते. सापडेना. मग आत्याबाई एकदा सहज बोलल्या, "आरं, आमच्या म्हाताऱ्याला गावात आडनावानं कोण वळकत हुतं?" आडनाव सोडून गाव, बापाचे नाव आणि दहा वर्षांचा काळ एवढे धरून पाहिले, आणि एका दुपारात नोंद हाती आली.

आजीचे माहेरही विचारून ठेवावे. आपण वंशावळ काढतो ती बापाच्या बाजूची. पडताळणीला तीच लागते हे खरे, पण आजीच्या माहेरचे गाव कळले तर दुसऱ्या गावचे दप्तर उघडते आणि अर्धा इतिहास तिकडून येतो. ज्या बायांनी शेण-गोठा करून, गिरणीच्या वाइंडिंग खात्यात उभे राहून घरे चालवली, त्यांची नावे निदान आपण तरी गाळू नयेत.

वतनाचे दप्तर

महाराचे वतन म्हणजे इनाम नव्हे, वेठ. सरकारचा सांगावा नेणे, सारा पोहोचवणाऱ्याबरोबर जाणे, शिवेच्या तंट्यात साक्ष देणे, वेशीवर येसकर म्हणून राबणे, मयताची बातमी परगावी नेणे, आणि त्या बदल्यात हाडोळ्याचा तुकडा व बलुत्याची भाकर. १८७४ च्या वतन कायद्याने ही वेठ कागदावर पक्की झाली. तिच्यात सुधारणा करण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात बिल आणले. तेव्हा ते पार पडू दिले नाही, १९२९ मध्ये त्यांना ते मागे घ्यावे लागले. अखेर मुंबई कनिष्ठ गाव वतने नाहीशी करण्याचा १९५८ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून वतन संपले.

वेठ वाईटच, पण तिने मागे ठेवलेला कागद मात्र आपल्या उपयोगाचा आहे. वतनाची जमीन भावकीत वाटलेली असे. त्या वाट्याला तक्षीम म्हणत. एकेक तक्षीम एकेका मूळ पुरुषापासून निघालेली असल्यामुळे तक्षीमदारांची यादी ही निम्मी वंशावळच असते. वतन गेल्यावर जमीन सरकारजमा करून ठरलेली रक्कम भरणाऱ्या वतनदारांना नव्या शर्तीने परत दिली गेली. त्या फेरग्रँटच्या वेळच्या हुकुमांत आणि फेरफारांत १९५९ नंतरच्या काळात हयात असलेल्या वारसांची नावे मिळतात.

आजच्या सात-बारावरून मागे जायची वाट सोपी आहे. सात-बारावर गोल वर्तुळात आकडे असतात, ते फेरफाराचे नंबर. एकेका नंबराची नक्कल मागायची. तो फेरफार आपल्याला आधीच्या फेरफाराकडे नेतो. असे एकेक पायरी उतरत मुंबई इलाख्याच्या गावांत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत जाता येते, कारण हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा आहे. फेरफार वाचताना 'ए.कु.मॅ.' असे दिसले तर ते एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लावलेले एका भावाचे नाव आहे. बाकीचे भाऊ त्याच्या मागे झाकलेले आहेत, हे लक्षात ठेवावे. 'अ.पा.क.' म्हणजे अज्ञानाचा पालनकर्ता. तेवढ्यावरून ते पोर तेव्हा सज्ञान नव्हते हे कळते आणि वयाचा अंदाज येतो. पुष्कळांच्या जमिनी गेल्या त्या अशाच दोनतीन अक्षरांत गेल्या.

कोतवाल बुक आणि शाळेचे रजिस्टर

गावच्या जन्म-मृत्यूची जुनी वही म्हणजे गाव नमुना नंबर १४. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात, विदर्भात कोतवाल पंजी. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. तिच्यात बापाचे नाव, जात, तारीख आणि मुलगा की मुलगी एवढे असते. मुलाचे नाव पुष्कळदा नसते, कारण नोंद बारशाच्या आधीच झालेली. म्हणून आजोबांच्या नावाने शोधू नये, आजोबांच्या बापाच्या नावाने शोधावे. मृत्यूच्या नोंदीत कारण असते : ताप, पटकी, देवी. ज्या गावाची १९१८ च्या साथीच्या वेळची वही टिकली आहे तिची पाने उलटली तर मन सुन्न होते.

शाळेचे जनरल रजिस्टर, म्हणजे विदर्भातले दाखल-खारिज, याची थोरवी एका उदाहरणावरून कळेल. सातारच्या सरकारी हायस्कुलात, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कुलात, ७ नोव्हेंबर १९०० रोजी एका मुलाचे नाव दाखल झाले. रजिस्टरचा अनुक्रमांक १९१४, नाव भिवा रामजी आंबेडकर. मूळ आडनाव सकपाळ, गाव आंबडवे, आणि रजिस्टरात आंबेडकर. ती एक ओळ जपली गेली म्हणून २०१७ पासून महाराष्ट्रात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. आपल्या आजोबांचीही अशी एक ओळ कोठल्या तरी शाळेत असेल. दोन वर्षे का होईना, ते शाळेच्या ओसरीवर बसले असतील. नाव दाखल झाले तर ओळ झालीच.

रजिस्टर वाचताना जन्मतारखेवर फार भार देऊ नये. आपल्या पिढ्यांत निम्म्या लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो! शाळा जूनमध्ये सुरू होई, तारीख कोणाला ठाऊक नसे, मास्तर १ जून टाकून मोकळे होत. मात्र जातीच्या रकान्यावर पूर्ण लक्ष द्यावे. अनुसूचित जातीच्या दाव्यासाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात. त्याआधीचा, बापाच्या बाजूच्या रक्तनात्यातला 'महार' अशी नोंद असलेला कागद सर्वांत वजनदार. आजोबांच्या कागदावर महार आणि नातवाच्या दाखल्यावर बौद्ध, यात विसंगती काही नाही. मध्ये १४ ऑक्टोबर १९५६ आहे, नागपूरची दीक्षाभूमी आहे. केंद्राने १९९० साली कायदा दुरुस्त करून बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती दिल्या, तेव्हापासून हा दुवा दाखवणे अधिकच गरजेचे झाले. तो दुवा भाषणाने जोडता येत नाही. नातवापासून आजोबांपर्यंत एकेक नाव जोडणारा कागदच तो जोडतो.

पलटण, गिरणी, चाळ

कोकण-साताऱ्याकडच्या पुष्कळ घरांत पलटणीची परंपरा होती. १९१४-१९ च्या लढाईला किती जण गेले हे सांगणारे दगड पुष्कळ गावांत भिंतीत बसवलेले आहेत. त्यावर फक्त आकडा असतो, पण नावे विचारायला जागा मिळते. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली, तिचे केंद्र आज मध्य प्रदेशात सागरला आहे. तिकडे लिहायचे तर पलटणीचा नंबर हवा. नुसते नाव चालत नाही. नंबर पेन्शनच्या बुकावर किंवा डिस्चार्जच्या कागदावर असतो, म्हणून जुनी ट्रंक आधी उघडावी.

गिरणीबद्दल आम्हाला आतून ठाऊक आहे. मुंबईच्या गिरण्यांत आपल्या माणसाला साचाखात्यात घेत नसत. साच्यावर धोटा भरताना तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि अस्पृश्याची थुंकी लागलेला धोटा इतरांना चालत नसे. पगार मात्र त्याच खात्यात जास्त! १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. म्हणून त्या काळचा आपला माणूस शोधायचा तर हजेरीपट त्रासन खात्याचा पाहावा, साचाखात्याचा नव्हे. अन्यायसुद्धा असा वाट दाखवतो.

१८ जानेवारी १९८२ चा संप झाला, पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि कागदांची वाताहत झाली. पुढे घरकुलाचा प्रश्न निघाला, तेव्हा १ जानेवारी १९८२ रोजी किंवा नंतर पटावर असल्याचा पुरावा मागितला गेला. लाल पास, तिकीट नंबर, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, ई.एस.आय.चे कार्ड, ग्रॅच्युइटीचा कागद यांपैकी एकही ज्याच्या ट्रंकेत निघाले तो माणूस उभा राहिला. फंडाच्या नॉमिनेशन फॉर्मवर तर बायको-मुलांची नावे, नाते आणि वय असते. इतकी स्वच्छ कौटुंबिक नोंद आपल्या वडिलांनी दुसरीकडे क्वचितच केली असेल. नायगाव, वरळी, शिवडी, डिलाईल रोडच्या बी.डी.डी. चाळींच्या जुन्या भाडेपावत्या, रेशनकार्डे, हीही फेकू नयेत. नवा फ्लॅट मिळाला की पहिली रद्दी याच कागदांची होते.

मागायचे कसे

आता मागणीची रीत सांगतो. एका अर्जात एकच गोष्ट मागावी. गाव, तालुका, नोंदीचा प्रकार, व्यक्तीचे नाव बापाच्या नावासह, आणि पाच-दहा वर्षांचा काळ, एवढे त्यात असावे. 'माझ्या घराण्याचे सर्व कागद द्यावेत' या अर्जाला उत्तर नसते. मौजे अमुकची गाव नमुना १४, सन १९३० ते १९३८, या अर्जाला उत्तर द्यावेच लागते. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. दाद लागली नाही तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे, त्यात तीस दिवसांची मुदत आहे. महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमाने तोही अर्ज एका विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. आम्ही आधीपासून जे सांगत होतो तेच नियमाने आले म्हणायचे!

'नोंद नाही' असे सांगितले तर तेच लेखी मागावे. वही फाटली, जळली की त्या नावाची नोंदच त्यात नाही, हे वेगवेगळे आहे. लेखी उत्तर हाती असले की पुढचे कपाट कोणते ते ठरवता येते. जुने गाव जिल्ह्याच्या फेररचनेत दुसऱ्या तालुक्यात गेलेले असू शकते, तेही विचारावे. मराठवाड्यात जमिनीसाठी १९५४-५५ चे खासरापत्रक धरावे. त्याच्या मागे निजामाचे दप्तर उर्दूत आहे. फसली साल दिसले तर त्यात ५९० मिळवावे, शक असेल तर ७८ मिळवावे, म्हणजे इसवी सन साधारण कळते.

मुंबईला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आणि पुण्याला पेशवे दप्तरात सरकारचे पुराभिलेख आहेत, रुमालात बांधलेले. तिथे अवश्य जावे, पण पहिल्या पायरीला जाऊ नये. गाव, वतन आणि काळ ठाऊक असल्याशिवाय त्या सागरात उडी घेण्यात अर्थ नाही. शिवाय कागद मोडीत आहेत. मोडीचे वर्ग पुराभिलेख खाते घेते. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समितीच्या निमित्ताने कुणबी नोंदींसाठी गावोगावची दप्तरे उघडली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची किती टंचाई आहे ते सर्वांना दिसले. आपल्या दोन मुलांनी जरी मोडी शिकून घेतली तरी सबंध वस्तीचे काम होईल. तसेच काही जिल्ह्यांचे जुने फेरफार व नोंदी आता संगणकावर पाहता येतात. हे काम नातवंडांवर सोपवावे. त्यांना त्याची गोडीही लागते.

जनगणनेत आजोबांचे नाव मिळेल का, असे पुष्कळजण विचारतात. मिळणार नाही. १९४८ च्या कायद्याने माणसाची वैयक्तिक माहिती गुप्त ठेवलेली आहे. त्यात वेळ दवडू नये.

शेवटी विहाराकडे आमची एक मागणी आहे. विहाराच्या ग्रंथालयात एक वही ठेवावी. प्रत्येक घराने तिच्यात मूळ गाव व तालुका, तीन पिढ्यांची नावे जुन्या-नव्या रूपांसह, आजीचे माहेर, कामाची ठिकाणे आणि सापडलेल्या कागदाची साक्षांकित नक्कल कुठे आहे ते लिहावे. एका भावाने काढलेला फेरफार दुसऱ्या भावाच्या नातीला उपयोगी पडतो, कारण भावकी एकच. आज जो तो एकटा खेटे घालतो आणि दमतो.

आपल्याबद्दल आजवर दुसऱ्यांनी लिहिले, तेही त्यांच्या सोयीपुरते. ते गोळा करू, तपासू, आणि त्यापुढची ओळ आपल्या हाताने लिहू. त्यासाठी पुढच्या रविवारी घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसावे, एवढेच समस्त बंधू-भगिनींना आमचे सांगणे आहे.

जय भीम!